शुभंकरांना आधार कोण देणार?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संसदेने संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्या वेळी वृत्तपत्रांतून दोन तरतुदी गाजल्या. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षा करू नये, ही पहिली. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधून ठेवता येणार नाही, ही दुसरी. दोन्ही तरतुदी स्वागतार्हच होत. तथापि याच कायद्याच्या १८ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे, जिची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. शासनाने कोणत्या सेवा पुरवायच्या याची जी यादी त्या कलमात दिली आहे, तीत मनोरुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गोळ्या-औषधे आणि रुग्णालयातील खाट यांबरोबरच, घरी रुग्णाला सांभाळणाऱ्या आई-वडिलांना, पत्नीला, भावंडांना मदत करणे हेही शासनाचे कर्तव्य ठरले.

कायदा लागू झाल्याला इतकी वर्षे लोटली. डहाणू रोडजवळच्या मसोलीत किंवा तलासरीच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या अशा कुटुंबाला त्या एका ओळीतून काय मिळाले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

प्रथम या प्रश्नाचा आवाका ध्यानात घेऊ. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार यांसारखा तीव्र आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के निघाले. हजार प्रौढांच्या वस्तीत अशी एकोणीस-वीस माणसे असू शकतात, असा याचा अर्थ. रविवारी मिस्सेला जमणाऱ्या समुदायाकडे या दृष्टीने पाहावे. मग हा विषय 'दुसऱ्या कोणाचा' राहत नाही. निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात, असेही त्याच सर्वेक्षणात आढळले. ज्या १२ राज्यांत ते झाले, त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

हे उपचारांविना राहिलेले रुग्ण असतात कुठे? काही रस्त्यावर भटकतात. अशांना उचलून, बरे करून घरी पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने कर्जत येथे उभे केले व त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु बहुसंख्य रुग्ण घरीच असतात. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. डहाणूकरांच्या दृष्टीने जवळचे म्हणजे ठाण्याचे, १९०१ साली सुरू झालेले. रुग्णालयातून सुटी मिळालेला रुग्णही शेवटी घरीच येतो. तेव्हा आपल्या देशातील सर्वांत मोठे मनोरुग्णालय कोणते, याचे खरे उत्तर 'घर' असेच द्यावे लागेल. या रुग्णालयात परिचारिकेचे काम बहुधा आई किंवा पत्नी करते. तिला प्रशिक्षण नाही, रजा नाही, आणि आपले दुःख बोलून दाखवायला माणूस नाही.

मराठीत अशा सांभाळकर्त्यांना 'शुभंकर' आणि रुग्णाला 'शुभार्थी' असे दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत. 'वेड्याची आई' आणि 'शुभंकर' या दोन संबोधनांत किती अंतर आहे, ते ज्याच्या घरी हा आजार आहे त्यालाच कळेल.

शुभंकराला नेमके काय माहीत नसते? आजाराचे नाव बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते. त्यापलीकडचे काहीच नसते. स्किझोफ्रेनियावरील औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून आठ दिवसांत 'गुण आला नाही' असे म्हणून औषध बंद होते. पुढे बरे वाटू लागले की 'आता कशाला?' म्हणून पुन्हा बंद होते, आणि काही महिन्यांनी आजार उलटतो. हात थरथरणे, वजन वाढणे, दिवसभर झोप येणे हे औषधाचे दुष्परिणाम असू शकतात व डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घेता येते, हे ठाऊक नसल्यामुळे तरुण मुलाला 'आळशी' ठरवले जाते. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे तो म्हणतो, तेव्हा घरातले त्याच्याशी तास तास वाद घालतात. भ्रम वादाने जात नाही. 'मला तसे दिसत नाही, पण तुला भीती वाटते आहे हे मला कळते,' एवढे म्हणणे पुरेसे असते. परंतु हे एक वाक्य सुचायला कोणीतरी आधी शिकवावे लागते. झोप उडणे, जेवण टाळणे, एकलकोंडे होणे ही आजार परतण्याची पूर्वचिन्हे ओळखता आली, तर पुढची धावाधाव पुष्कळदा टळते.

या शिक्षणाचे महत्त्व केवळ सद्भावनेचे नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, राग व्यक्त होतो किंवा त्याची अति काळजी केली जाते, त्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो. हाच अभ्यास १९८० च्या दशकात चंडीगढ येथे झाला, तेव्हा तिथल्या भारतीय कुटुंबांत अशी टीका लंडनच्या मानाने पुष्कळच कमी आढळली. आपल्या कुटुंबव्यवस्थेत एक मूळचे सामर्थ्य आहे, हा त्याचा अर्थ. मात्र ते सामर्थ्य गृहीत धरून कुटुंबावर सगळा भार टाकायचा आणि त्याला काहीच द्यायचे नाही, असा व्यवहार आपण करत आलो आहोत. ते सामर्थ्यही आता आटत चालले आहे. घरे लहान झाली, भावंडे नोकरीनिमित्त पांगली, आणि सांभाळणाऱ्या दोन वृद्ध माणसांवर सारे येऊन पडले.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळीने बांधलेले होते. देश हळहळला. परंतु त्यांना तिथे कोणी सोडले होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. बहुतेकांना त्यांच्याच माणसांनी तिथे आणून सोडले होते. ती माणसे निर्दय होती असे मानणे सोपे आहे. ती थकलेली होती असे मानणे अधिक खरे आहे.

आता मराठी मुलखाकडे वळू. शुभंकरांनी शुभंकरांना आधार द्यावा ही कल्पना आपल्याकडे ज्या माणसाने नेटाने रुजवली, तो डॉक्टर नव्हता. डॉ. जगन्नाथ वाणी हे धुळे जिल्ह्यातून जाऊन कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परदेशात अशा कुटुंबांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी जवळून पाहिले, आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. शुभंकरांच्या नियमित सभा आणि शुभार्थींसाठी दिवसभराचे पुनर्वसन केंद्र ही या संस्थेची ओळख झाली. वाणी एवढ्यावर थांबले नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्या पुढाकाराने निघाला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी रुग्णाची भूमिका केली. स्किझोफ्रेनिया हा शब्द असंख्य मराठी घरांत पहिल्यांदा पोहोचला तो या चित्रपटामुळे. भाषणांनी ते साधले नसते. २०१७ साली वाणी यांचे निधन झाले.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेनेही स्वमदत गटांची वाट धरली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. व्यसनाच्या बाबतीत तर ही रीत आपल्या वाचकांना नवी नाहीच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मुंबई-वसई परिसरात चर्चच्या खोल्यांतून भरत आल्या आहेत, आणि मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून जगभर आहे. मद्यपीच्या पत्नीने अन्य मद्यपींच्या पत्नींबरोबर बसावे हे आपल्याला पटते. मग स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या आईने का बसू नये? मद्यपान निदान गल्लीला ठाऊक असते. हा आजार घरात दडवलेला असतो. अडचण आहे ती इथे.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याचा पहिला मोठा प्रयोग काही परदेशात झाला नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावले. नातेवाईक एकमेकांचे अनुभव ऐकत, रुग्णाची सेवा कशी करावी ते शिकत आणि बरा झालेला माणूस सोबत घेऊन परतत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याच दशकात मनोरुग्णाबरोबर नातेवाईक राहील अशी पद्धत स्वीकारली. अमेरिकेत १९७९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे रुग्णांच्या कुटुंबांनी राष्ट्रीय संघटना उभारली. तिचा 'फॅमिली टू फॅमिली' हा अभ्यासवर्ग प्रशिक्षित कुटुंबीयच विनामूल्य चालवतात, तज्ज्ञ नव्हे. २०११ साली मेरीलँड राज्यातील एका चाचणीत असे दिसले की, या वर्गाला गेलेल्यांची अडचणींना तोंड देण्याची क्षमता वाढली. ज्याने हे दुखणे स्वतःच्या घरात पाहिले आहे, त्याने दिलेला सल्ला निराळ्या रीतीने ऐकला जातो. त्याच्यापुढे लाज वाटत नाही.

ही सर्व उदाहरणे शहरांची आहेत. पुण्यातील शुभंकर बसने सभेला जाऊ शकतो. तलासरीचा शुभंकर काय करील? डहाणू रोड हे स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊ लागली ही मोठीच सोय झाली. तरीही पाड्यावरून डहाणू, तिथून दादर, तिथून ठाणे, आणि तितकेच परत. अस्वस्थ रुग्णाला सोबत घेऊन हा प्रवास करणे म्हणजे दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी बुडणे होय. तलासरी तालुक्यात आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या स्थलांतरात औषधाचा धागा तुटतो. समजावून सांगायचे तर ते वारलीत, कोकणीत किंवा गुजराती मिसळलेल्या बोलीत सांगावे लागते. पुण्याचे छापील पत्रक इथे फारसे उपयोगाचे नाही.

म्हणून आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा प्रयोग नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याचा आहे. तोही डोंगराळ आणि आदिवासी तालुका. पुण्यातील सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम चालवला. गावातल्याच विश्वासू स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण दिले. दुःखी, त्रस्त माणसाला ओळखायचे, चार वेळा त्याच्याकडे जाऊन बोलायचे, शासकीय योजनांची माहिती द्यायची आणि आजार तीव्र दिसला तर रुग्णालयात न्यायचे, असे त्यांचे काम. मोबाइलवर गावच्या भाषेतल्या छोट्या चित्रफिती दाखवल्या जात. उपक्रम पुढे गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेण्यात आला.

मात्र अवाजवी अपेक्षा नको. तामिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णाला व कुटुंबाला मदत केल्यास, केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा फरक पडतो, पण तो बेताचाच. आणि ग्रामीण तामिळनाडूत, जिथे अन्य सेवा तुटपुंज्या होत्या, तिथे तो अधिक दिसला. डहाणू-तलासरीसाठी यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे.

मसोलीत किंवा तलासरीत असा गट उभा राहायचा तर काय लागेल? पैसा फारसा लागत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दीड-दोन तास मिळणारी एक खोली लागते. ती शाळेची असो वा धर्मग्रामाची. आरंभी तीन-चार कुटुंबे पुरतात. त्यांतल्या दोघांनी पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या गटात बसून रीत शिकून यावी. वर्षातून दोन-तीनदा मानसोपचारतज्ज्ञाने येऊन शंकांना उत्तरे द्यावीत. एरवी बोलावे शुभंकरांनीच. गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा एकच नियम कडकपणे पाळावा लागतो. लहान गावात हेच सर्वांत अवघड. सगळे एकमेकांना ओळखतात, मुलीचे लग्न ठरायचे असते, कोण कोणत्या खोलीत शिरले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. यावर एक व्यवहार्य तोड म्हणजे डहाणूच्या कुटुंबांनी तलासरीच्या गटात जावे आणि तलासरीच्यांनी डहाणूच्या. सुरुवातीला धर्मगुरू किंवा धर्मभगिनी यांनी कुटुंबांना एकमेकांशी जोडून द्यावे, पण पुढे गटात त्यांनी प्रमुखपद घेऊ नये. गट सर्व धर्मांच्या कुटुंबांना खुला असावा. वारली आईचे दुःख ख्रिस्ती आईपेक्षा वेगळे नसते.

लग्नाविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिले पाहिजेत. 'लग्न केले की सुधारेल' या समजुतीपायी कितीतरी मुलींचे आयुष्य पणाला लावले जाते. विवाहाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. लग्नात आजार दडवणे हा अन्याय तर आहेच. शिवाय ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील १०९८ व्या नियमानुसार, सहजीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशी बाब संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली असेल, तर तो विवाह अवैध ठरू शकतो. आजार नियंत्रणात असलेली माणसे उघडपणे सांगून विवाह करतात आणि संसारही करतात. फरक आहे तो सांगण्यात.

भगताचा आणि प्रार्थनेचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. पाड्यावरचा माणूस आधी भगताकडे जातो. आपल्यातले काही जण रोगमुक्तीच्या प्रार्थनासभांना जातात. त्यांची टिंगल करून कोणी दवाखान्यात येत नाही. गुजरातेतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' या नावाने मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले. तिथे दुआ थांबली नाही, दवा मात्र सुरू झाली. प्रार्थना अवश्य करावी. मात्र 'आता गोळ्या सोडा' असे सांगणाऱ्या प्रचारकाला थांबवण्याचे धैर्य आपल्या समाजाने दाखवले पाहिजे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ च्या जागतिक आजारी दिनाचा विषयच मानसिक आजार हा ठेवला होता.

गटातून मिळणारे आणखी एक शिक्षण कागदपत्रांचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास काही योजनांचा लाभ मिळतो. अनेक कुटुंबे 'आमचा मुलगा मतिमंद नाही' म्हणून त्या खिडकीकडे फिरकतच नाहीत. मतिमंदत्व आणि मनोरुग्णता यांतला हा गोंधळ कायद्यांतही त्रासदायक ठरतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालकत्वाची व्यवस्था आहे, पण मनोरुग्ण त्यातून वगळले गेले. 'आमच्या पश्चात याचे काय?' हा प्रश्न प्रत्येक गटात पहिल्या किंवा दुसऱ्या सभेत निघतोच. त्याचे पुरते उत्तर कायद्याजवळ अद्याप नाही. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाला बरे असताना आपला नियुक्त प्रतिनिधी लेखी नेमता येतो, आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हेही आधी लिहून ठेवता येते. बहिणीचे किंवा भाच्याचे नाव आजच लिहून ठेवणे हे वृद्ध आई-वडिलांच्या आवाक्यातले आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा लोक रात्री घराबाहेर एकत्र झोपत आणि आपली भीती मोकळेपणी बोलून दाखवत. जमीन हलण्याची भीती सांगायला कोणाला लाज वाटली नाही. घरातल्या माणसाचे मन हलले, तर दार लावून घेतले जाते.

स्वमदत गट म्हणजे शासनाला सुटी नव्हे, हे शेवटी सांगितले पाहिजे. गट औषध देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे व कुटुंबीयांनीही तो वापरावा. पण दूरध्वनी हा डॉक्टरला पर्याय नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्यात कोणत्या दिवशी येतात, नेहमीच्या गोळ्या उपजिल्हा रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात की नाही, भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांचे औषध एकदम देता येईल का, हे प्रश्न एकट्या आईने विचारले तर तिला 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर मिळते. दहा कुटुंबांनी लेखी विचारले तर नोंद होते. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके असल्याने १९९६ च्या पेसा कायद्यान्वये इथल्या ग्रामसभांचे म्हणणे अधिक वजनाचे आहे, आणि मानसिक आजाराच्या औषधांचा ठराव ग्रामसभेत मांडायला कोणाची हरकत नाही. शिवाय २०१७ च्या कायद्याने जी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे नेमायची आहेत, त्यांत दोन जागा रुग्ण, शुभंकर किंवा त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. डहाणू-तलासरीत शुभंकरांची संघटनाच नसेल, तर त्या जागेसाठी इथून नाव तरी कोणाचे जाणार?